पथ्य सुमनचं, स्वयंपाक माझा

सुमन गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली. दुपारची वेळ होती. तिच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून मी पेपर वाचत बसले होते आणि रोजच्यासारखी तिला मोठ्यानं ऐकवत होते. बोलणं तिचं केव्हाच थांबलं होतं, पण ऐकताना ती डाव्या हाताचा अंगठा हलवायची. म्हणजे ‘पुढं वाचा’. कुठल्याशा गावात बिबट्या विहिरीत पडला होता आणि वनखात्याची माणसं त्याला खाटेवर बसवून वर काढत होती, अशी बातमी होती. अर्ध्यावर माझं लक्ष गेलं तर अंगठा थांबलेला... मी बातमी शेवटपर्यंत वाचली. का, ते विचारू नका. बिबट्या सुखरूप निघाला. मग उठले आणि पुण्याला प्रशांतला, तिच्या मुलाला, फोन लावला. छत्तीस वर्षं वर्गात खडा आवाज लावलेली मी, त्या दिवशी तोंडातून एवढंच आलं, “प्रशांत, ये रे बाबा.” त्याला कळलं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. दहाव्याला जमलेल्या बायकांत कुणीतरी बोललं, “येवढं कडक पथ्य केलं, तोंडाची चव मारली बिचारीची, आन् उपेग काय झाला?” वाक्य मला उद्देशून नव्हतं, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं टाकलेलं होतं. आमच्याकडे ती कला सगळ्यांना येते. मी बहिरी झाले. या वयात ती एक सोय असते. पण ते वाक्य माझ्यामागोमाग घरी आलं आणि बसलंच. सुमन माझी धाकटी जाऊ. मेंदूतल्या गाठीसोबत ती दीड वर्षाला थोडं कमी इतकी जगली, आणि त्या दिवसांत तिच्या पोटात काय जायचं ते माझ्या हातात होतं. म्हणजे उपयोग काय झाला, या प्रश्नाचं उत्तर द्यायला जबाबदार बाई एकच, ती मी.

आणि ही जबाबदार बाई कोण? जिला सत्तरी ओलांडेपर्यंत धड चहा जमत नव्हता! आमच्या सोनईतल्या घरात मी आधी आले, पाच वर्षांनी सुमन. मी डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम. मनगटावर घड्याळ, खांद्याला पर्स, उन्हाचा काळा चष्मा. रस्त्यानं चालले की आपल्याकडे सगळं गाव बघतंय असं वाटायचं. बघतही असेल, चष्मा तसाच होता. सुमन सातवी पास, भेंड्याच्या बाजूच्या वस्तीवरून आलेली. ती आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी घरात जाहीर केलं होतं की, “मला स्वयंपाकात रस नाही, मला वाचनात आहे.” काय ते वाक्य! आज आठवलं की त्या चष्मेवालीच्या कानाखाली द्यावीशी वाटते. सुमननं पदर खोचला, म्हणाली, “बरं झालं अक्का, दोघींना रस असता तर भांडनं झाली असती,” आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं झालं. मी शाळेतून यायचे, हातपाय धुवायचे, ताटावर बसायचे. वर तिची भाषा सुधारायचे. ती ‘पानी’ म्हणाली की मी ‘पाणी’ म्हणायचे. एकदा तिनं तांब्या माझ्यापुढं आपटला. “अक्का, तहान भागली न्हवं? मंग झालं तर.”

पुढं माझे यजमान गेले, मग सुमनचे, धाकटे भावजी, गेले, माझी मुलगी नाशिकला, प्रशांत पुण्याला. घरात आम्ही दोघीच उरलो. दोन जावा एका घरात चाळीस वर्षं राहिल्या आणि कुणी वेगळी चूल मांडली नाही, याचं श्रेय लोक मला देतात, कारण मी शिकलेली. खरं कारण हे की वेगळी चूल मांडली असती तर मी उपाशी मेले असते.

आजार आला तो शब्दांमधून. सुमन पोळपाट मागायला लागली की म्हणायची, “ते द्या... ते वाटोळं... लाकडाचं.” मी म्हणायचे, “सांग बघू त्याला काय म्हणतात?” तशी ती ओशाळून हसायची. मला मजा वाटायची. बाईंना परीक्षा घ्यायला मिळाली ना! आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं, उजव्या हातातून कप सुटायला लागला, सकाळी डोकं धरून बसायची. तरी मी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत राहिले. एका सकाळी ती ओट्यापाशी उभी होती ती तिथंच कोसळली, अंग ताठ, तोंडाला फेस. मंगल शेजारची धावली, गाडी आली, आम्ही नगर गाठलं. तिथं मेंदूचा फोटो निघाला आणि तिथून पुण्याला. डोकं उघडून जेवढी निघेल तेवढी गाठ काढली. मग सहा आठवडे लाईट दिली, म्हणजे रेडिएशन, आणि गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर मला आणि प्रशांतला बाजूला घेऊन म्हणाले, गाठ वाईट जातीची आहे, ती परत येते, आपण वेळ मिळवतोय. प्रशांत खाली बघत राहिला. मी विचारलं, “किती?” छत्तीस वर्षं मुलांना म्हणत आले की मोघम उत्तर चालणार नाही. त्या दिवशी मोघम उत्तर मिळालं आणि मी ते मुकाट्यानं घेतलं.

त्याच दवाखान्यात ती आहाराची मॅडम भेटली. माझ्या नातीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल, केस पोनीटेलमध्ये, पायात बूट. तिनं नीट समजावलं. धान्य, साखर, गूळ, बटाटा जवळजवळ बंद. त्याऐवजी तूप, लोणी, साय, खोबरं, तीळ, अंडी, पनीर, पालेभाजी. शरीर साखरेऐवजी चरबीवर चालायला लागलं तर कदाचित गाठीला जरा अडचण होते, अशी कल्पना आहे, अजून तपासणी चालू आहे, खात्रीनं सांगता येत नाही. लहान मुलांच्या फिट्सवर हा आहार पूर्वीपासून वापरतात. पण लाईट आणि गोळ्यांच्या सोबत, त्यांच्या जागी नाही. वजन उतरायला लागलं किंवा तिला झेपेना, तर थांबवायचं. “हा आधार आहे आजी, इलाज नाही,” असं ती दोनदा म्हणाली. मी वहीत उतरवून घेत होते. आणि घरी येऊन लाल पेनानं खुणा केल्या त्या फक्त ‘अडचण होते’ याच्याखाली. ‘कदाचित’ मी गाळलं. वर्गात एखाद्या मुलानं असं सोयीचं तेवढंच उतरवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

नातीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “आजी, हे तर किटो! लोक बारीक व्हायला करतात.” मी मनात म्हटलं, नाव काही का असेना, भाकरी बंद, पोळी बंद, भात बंद, म्हणजे हा सरळ उपासच की! आणि उपास आमच्या घरात काय नवा? संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र... मी जोमानं कामाला लागले. पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. सुमन कॉटवरून सांगतेय आणि मी करतेय. खिचडीचा गोळा झाला, पण झाली. दुसऱ्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तिसऱ्या दिवशी रताळं उकडून, वर तूप. मॅडमनं लघवीत बुडवायच्या कागदाच्या पट्ट्या दिल्या होत्या. शरीर चरबीवर चालायला लागलं की त्या जांभळ्या होतात. आमची पट्टी काही केल्या रंग बदलेना. मी पट्ट्या खराब आहेत असं ठरवलं आणि व्हिडिओ कॉलवर तशी तक्रारही केली. मॅडमनं विचारलं, “आजी, खायला काय दिलंत?” मी अभिमानानं यादी वाचली. पोरीनं मोबाईल बाजूला धरला. खांदे हलताना दिसत होते. “आजी... साबुदाणा म्हणजे सगळा स्टार्चच. भातापेक्षा वरचढ.” मागून कॉटवरून आवाज आला, “मॅडम, आमच्या बाई लई शिकलेल्या हायेत.” तीन दिवस ती ते सगळं निमूट खात होती, आणि तिला बहुतेक पहिल्या दिवसापासून शंका होती.

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. सुमनची कॉट आम्ही आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात आणली, ओट्याला काटकोनात, कारण ती म्हणाली, “भिताडाकडं बघून मरन्यापरीस तुमची फजिती बघते.” फ्लॉवर किसून त्याचा भात. पनीर कुस्करून, त्यात मेथी. तिळाचा, खोबऱ्याचा कूट. अंड्याच्या पोळ्या. सगळं काट्यावर तोलून, तूपसुद्धा. तुपाची एक गोष्ट सांगते. सुमन नवी असताना सासूबाई माझ्या ताटात तुपाची धार धरायच्या, कमावती सून ना, आणि तिच्या ताटात चमचा झटकायच्या. मी ते बघायचे. बघून पुस्तकात मान घालायचे. आता मी तिच्या फ्लॉवरवर चमच्यामागून चमचा तूप ओतत होते आणि ती म्हणत होती, “बास करा अक्का, अंगाला फुटंल.” मी थांबायचे नाही. मॅडमनं सांगितलंय म्हणायचे. सगळं काही मॅडमनं सांगितलं नव्हतं.

बाहेरचं गाव मात्र गोडाचं. उसाचा हंगाम लागला की आमच्या रस्त्यानं ट्रॅक्टर दिवसभर, साखर कारखान्याच्या मळीचा वास उशाशी. माणूस आजारी म्हटल्यावर भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. केळी, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू. मी दारातच पिशवी तपासायला लागले. तिचा भाचा शिर्डीत फुलांचं दुकान चालवतो, तो प्रसादाचे पेढे घेऊन आला. मी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. “अहो मोठ्या काकू, बाबांचा प्रसाद हाय,” तो म्हणाला. मी म्हटलं, “बाबांना सांग, साखर बंद आहे.” संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अख्ख्या आळीत फिरली, आणि मी पेढा नाकारणारी बाई म्हणून प्रसिद्ध झाले. सुमनला कळलं तशी ती हसली, पण नंतर म्हणाली, “कनभर जिभेला लावला असता तर काय झालं असतं?” मी म्हटलं, “नियम म्हणजे नियम.” हे वाक्य वर्गात भिंतीवर लावलेलं होतं माझ्या.

आणि तिला भूक लागायची. मेंदूची सूज उतरायला ज्या गोळ्या होत्या, त्यांनी माणसाला वखवख सुटते. चेहरा गोल झाला, डोळे सारखे डब्यांकडे. जी बाई आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर जेवली, ती अकरा वाजल्यापासून विचारायला लागली, “काय करताय? कधी हुनार?” मी वाटी भरून साय द्यायचे, बदाम द्यायचे, पण भूक तशी नव्हती. तिला गव्हाचं, बाजरीचं, गोडाचं हवं होतं. मी तिच्यासमोर बसून भाकरी खाणं बंद केलं. माझ्यासाठी मंगल भाकरी पाठवायची, ती मी पडवीत उभ्यानं खायचे, चोरासारखी. चाळीस वर्षांत आम्ही पहिल्यांदा वेगवेगळ्या जेवायला लागलो, ते असं.

एका दुपारी मी पोस्टात गेले होते. परत आले तर सुमन कॉटवर नाही. भिंतीचा आधार घेत, उजवा पाय ओढत, ती कपाटापर्यंत पोचली होती आणि गुळाचा डबा उघडून उभी होती. गालात खडा. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. आवाज मात्र वर्गातलाच होता, मंगल कुंपणाशी आली इतका. “तुला जगायचंच नाही! मी इथं मरमर मरतेय आणि तू...” सुमन ऐकत राहिली. मग तिनं तोंडातला गूळ काढून ओट्यावर ठेवला. आणि डावा हात पुढं केला. उजवा वर येत नव्हता. तळहात वर, बोटं सरळ, कोपर अंगाशी.

“बाई,” ती म्हणाली, “छडी आना.”

सदुसष्ट वर्षांची बाई होती ती. तळहातावर गुळाचा चिकट डाग... मी तो हात पदरानं पुसला. तिला कॉटवर बसवलं. मग तिनंच विचारलं, शब्द शोधत, एकेक उचलून, “अक्का, हे पथ्य... मी जगावं म्हनून करताय, का तुमाला... येकटं ऱ्हायचं न्हाई म्हनून?”

मी म्हटलं, “दोन्ही एकच आहे.”

“न्हाई,” ती म्हणाली. “येक न्हाई.”

त्या रात्री जेवताना मी पडवीत गेले नाही. तिच्या कॉटवर ताट घेऊन बसले आणि तिचंच खाल्लं, फ्लॉवर, पनीर, तूप. पुढं तसंच ठेवलं. मंगलला भाकरी बंद करायला सांगितली. माझं वजन उतरलं, साडी दोनदा गुंडाळायला लागली, आणि नातीनं फोनवर अभिनंदन केलं. सुमन पथ्य पाळत राहिली, आता न चोरता. मला वाटलं, मी जिंकले. आता वाटतं, तिनं माझ्यावर दया केली.

चांगले महिनेही आले, ते सांगितलेच पाहिजेत. फिट्स थांबल्या. त्या गोळ्यांनी थांबल्या की तुपानं, मला माहीत नाही, मॅडमनंही कधी छातीठोक सांगितलं नाही. दोनदा फोटो काढला, गाठ होती तेवढीच. सुमन फाटकापर्यंत चालत जायला लागली. प्रवरेकाठी नेवाशाला जायचं म्हणाली, प्रशांतनं गाडीतून नेलं, घाटाच्या पायरीवर बसून तिनं पाय पाण्यात सोडले. मी भेटेल त्याला सांगत सुटले, आहारानं फरक पडतोय, डॉक्टर कमी पडले तिथं स्वयंपाकघर उभं राहिलं. भाषणच करायचे. मंगलच्या दिराला साखरेचा आजार, त्यालासुद्धा मी फ्लॉवरचा भात सांगितला. म्हातारपणी अक्कल वाढते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला भेटावं. चष्मेवाली गेली नव्हती, नुसते केस पांढरे करून बसली होती.

तिसऱ्या फोटोत गाठ मोठी निघाली. डॉक्टर बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच, गूळ. बाहेर येऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. प्रशांतला नको म्हटलं, एकटी गेले. विचारलं, “खरं सांगा. त्या गुळामुळे का? एक खडा खाल्ला होता तिनं. मी आधी तीन दिवस साबुदाणा दिला होता.” ती पोर खुर्चीतून उठून माझ्या बाजूला येऊन बसली. म्हणाली, “आजी, गुळाच्या खड्यानं ही गाठ वाढली नाही. आणि तुमच्या तुपानं ती जाणार नव्हती. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.” मी म्हटलं, “मी ते लिहून घेतलं नाही.” ती म्हणाली, “आता पथ्य थांबवू या. त्यांचं वजन उतरतंय, गिळायला त्रास सुरू झालाय. आता त्यांना आवडेल ते, मऊ करून, जपून.”

मी विचारलं, “मग मी आता काय करू?” तिला वाटलं मी जेवणाबद्दल विचारतेय. तिनं मऊ पदार्थांची यादी लिहून दिली.

घरी आल्यावर सुमनला सांगितलं, पथ्य सुटलं, सांग काय खायचंय. मला वाटलं होतं पेढा म्हणेल, पुरणपोळी म्हणेल. तिला शब्द सापडेना. ओठ हलले, आवाज झाला, पण शब्द नाही. मग तिनं डावा हात चादरीवर ठेवला आणि थापायला लागली. थप, थप, थोडं फिरवून पुन्हा थप. “भाकरी?” अंगठा हलला. मी मंगलला हाक मारली, तिनं बाजरीची भाकरी करून दिली, पातळ, गोल, पापुद्रा सुटलेली. सुमननं बघितली आणि मान भिंतीकडं फिरवली. बोट माझ्याकडं. मी म्हटलं, “अगं, मला भाकरी येत नाही.” बोट माझ्याकडंच. फ्लॉवरचा भात येत होता मला, खोबऱ्याचा कूट येत होता; भाकरी या जन्मात कधी थापली नव्हती. आमच्या भागात हे सांगायची लाज वाटावी अशी गोष्ट आहे. मी छत्तीस वर्षं अभिमानानं सांगत होते.

परात कॉटजवळच्या स्टुलावर ठेवली. पीठ, कडकडीत पाणी, मळून मळून मनगट गेलं. सुमन बघत होती. पीठ कमी मळलं तर तिचा अंगठा खाली जायचा, नापास. मी थापायला लागले तर कडा फाटायला लागल्या. तिनं हात पुढं केला आणि माझ्या हातावर ठेवला. वजन असं काही नव्हतंच त्या हाताला. पण दाब कुठं द्यायचा ते कळत होतं: मधे नाही, काठाला, आणि भाकरी फिरायची थांबू द्यायची नाही. तव्यावर टाकताना भाकरी मधूनच तुटली. दुसरी चिकटली. तिसरीचा आकार आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला, खाली पारनेर-श्रीगोंदा लोंबताना सुद्धा दिसत होतं. सुमनचं अर्धं तोंड हसलं. अर्धं हलतच नव्हतं तेव्हा. ती भाकरी मी दुधात कुस्करून, अगदी लगदा करून, चमच्यानं भरवली. पहिला घास तिनं तोंडात कितीतरी वेळ धरून ठेवला. मला वाटलं गिळता येत नाहीये, मी घाबरले, पाणी आणायला उठले. तर तिनं माझा पदर धरला. बस, अशा अर्थानं. तिला गिळायचंच नव्हतं एवढ्यात. ती चव घेत होती.

पुढं रोज एक भाकरी. तिच्या पोटात दोन चमचे जायची, उरलेली मी खायचे, त्याच ताटात, तिच्या कॉटवर बसून. शेवटच्या आठवड्यात दोन चमचेही जाईनात, पण भाकरी मी करायचेच. ती परातीकडं बघत राहायची. एकही फुगली नाही. सुमनची फुगायची, उलथन्यानं नुसतं टेकवलं की टम्म. माझी पोळपाटासारखी सपाट. ती गेली त्या दिवशी सकाळी केलेलीही सपाटच होती.

तर उपयोग काय झाला? मी दहाव्याच्या त्या बाईला शोधून सांगणार नाही, पण लिहून ठेवते. आहारानं सुमन वाचली नाही. तिचे किती दिवस वाढले, वाढले की नाही, हे कुणालाच माहीत नाही, आणि मी आता त्यावर भाषण देत नाही. कुणाच्या घरात असं कुणी आजारी असेल तर आहार डॉक्टरांना विचारून करा, आणि सांगतील ते सगळं उतरवून घ्या, नावडतं सुद्धा. मी तिच्या तोंडची चव काढून घेतली हे खरं आहे. मला एकटं राहायचं नव्हतं, हेही. तिनं ते गुळाच्या खड्याच्या दिवशीच ओळखलं होतं, आणि तरी पुढं कित्येक महिने फ्लॉवर खाल्ला. तो तिनं कुणासाठी खाल्ला, हे कळायला मला तिच्या जाण्यानंतर हे सात आठवडे लागले. सातवी पास बाईनं मला असं शिकवलं.

प्रशांत म्हणतो, काकू, पुण्याला चला. मुलगी म्हणते नाशिकला या. मी बघू म्हणते. कॉट अजून ओट्याला काटकोनातच आहे, गादी गुंडाळून ठेवलीय. मंगल भाकरी पाठवते म्हणाली, मी नको म्हटलं. रोज एक करते. सकाळी पेपर वाचते, मोठ्यानंच, सवय आहे. मग परात घेते.

काल सकाळी तव्यावर भाकरी उलटली, कडेनं जरा दाबली, आणि ती हळूच वर यायला लागली. आधी एका बाजूनं, मग पूर्ण. टम्म, गोल, फुटायला आल्यासारखी. मी ओरडलेच, “सुमन, फुगली गं!” आणि वळले.

फुगलेली भाकरी ठेवून देता येत नाही. वाफ गेली की बसते. तेवढ्यात बघायला कुणीतरी लागतं. कुंपणापाशी जाऊन मंगलला बोलवावं म्हणून मी दारापर्यंत गेले... परत येईपर्यंत ती सपाट झाली होती. गॅस बंद केला आणि ताट घेऊन कॉटच्या काठावर बसले.